अंधांचा अक्षरदाता लुई ब्रेल

ज्यांचें नांव जगांत पदोपदीं घेतलें जातें, परंतु ज्यांच्या आयुष्याविषयीं फारशी माहिती कोणास नसते, अशा पुरुषांपैकीं लुई ब्रेल हा एक होय. त्यानें राज्य मिळविलें नाहीं, सैन्य चालविलें नाहीं, कीं नवा भूभाग शोधून काढला नाहीं. एका जिनगराच्या घरीं तो जन्मला, लहानपणींच आंधळा झाला, एका शाळेंत शिकला, त्याच शाळेंत शिक्षक झाला, आणि वयाचीं ४३ वर्षें पुरीं होतांच क्षयानें मरण पावला. एवढ्या लहानशा जीवनक्रमांत त्यानें जें एक काम केलें, त्यामुळें आज देशोदेशींच्या अंध मनुष्यांस दुसऱ्याची मनधरणी न करितां स्वतःच्या बोटांनीं पुस्तक वाचतां येतें व स्वतःच्या हातानें पत्र लिहितां येतें. हें काम त्याच्या हातून कसें घडलें, व तें घडण्यास कोणाकोणाचा हातभार लागला, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे.

फ्रान्स देशांत पॅरिसच्या पूर्वेस सुमारें २० मैलांवर कूव्रे नांवाचें एक गांव आहे. तेथें ता. ४ जानेवारी १८०९ रोजीं लुईचा जन्म झाला. त्याचे वडील सिमाँ रने ब्रेल हे जिनगर होते. घोड्यांचीं खोगिरें, लगाम व इतर चामडी सरंजाम तयार करून ते आपला प्रपंच चालवीत. आईचें नांव मोनिक. तीन भावंडांच्या पाठीवर झालेलें हें शेंडेफळ असल्यामुळें लुई सर्वांचा लाडका होता. वडील कामास बसले म्हणजे हा त्यांच्याभोंवतीं घुटमळे. तीन वर्षांचा असतांना एके दिवशीं त्यानें त्या कारखान्यांतील एक टोंकदार हत्यार उचललें आणि वडिलांची नक्कल करण्यास सुरुवात केली. चामड्यास भोंक पाडण्याची ती आरी होती, असें बहुतेक चरित्रकार सांगतात. चामडें कठीण आणि हात कोंवळा. हत्यार सटकलें व थेट डोळ्यांत शिरलें. जखम दूषित कां होते व ती होऊं नये म्हणून काय करावें, हें ज्ञान त्या काळच्या वैद्यांस नव्हतें. जखम चिघळली, दुसऱ्या डोळ्यासहि तिची बाधा झाली, आणि पांचव्या वर्षाच्या सुमारास लुईची दृष्टि कायमची गेली.

त्या काळीं सामान्य स्थितींतील घरांत मूल आंधळें होणें म्हणजे काय, याची वाचकांनीं कल्पना करावी. रस्त्याच्या कडेस बसून भीक मागणें, जत्रेंत आपलें हंसें करून घेऊन चार पैसे मिळविणें, अगर घराच्या कोपऱ्यांत दुसऱ्याच्या हातचें खाऊन पडून राहाणें, यापलीकडे बहुतेक अंधांस मार्ग नव्हता. ब्रेल कुटुंबावर तर याच सुमारास दुसरेंहि संकट आलें. नेपोलियनचा पाडाव होऊन परकीय फौजा फ्रान्सांत शिरल्या, आणि १८१४ पासून दोन वर्षेंपर्यंत कूव्रेच्या लोकांस परक्या शिपायांस आपल्या घरांत थारा द्यावा लागला. गांव धान्याधुन्यानें अगदीं खंगून गेला. अशा दिवसांत एका आंधळ्या पोराकडे कोणाचें लक्ष गेलें नसतें तरी त्यांत नवल वाटलें नसतें.

परंतु ह्या आईबापांनीं मुलाचें दुःख मनांत ठेवून हात चालूं ठेवले. वडिलांनीं त्याच्यासाठीं काठ्या करून दिल्या. काठीनें रस्ता चांचपीत, पावलें मोजीत लुई गांवांत एकटा हिंडूं लागला. लांकडावर खिळे ठोकून वडिलांनीं त्याला अक्षरांचे आकार बोटांनीं ओळखावयास शिकविलें, व लगामाच्या चामडी झालरी करण्याचें काम त्याच्याकडे सोंपविलें, असें सांगतात. ज्या कारखान्यांत मुलाचे डोळे गेले, त्याच कारखान्यांत त्यास पुन्हां बसवून घेण्यास किती धैर्य लागलें असेल! मुलाला जपणें सोपें. त्याला काम सांगणें कठीण. परंतु घरांतील कामाचा वांटा ज्यास मिळतो, त्यासच आपण घरांतले आहों असें वाटतें. लुईस तें सुख लहानपणींच लाभलें.

१८१५ सालीं झाक पालुई नांवाचे धर्मगुरु कूव्रेच्या चर्चांत नेमले गेले. मुलाची तल्लख बुद्धि पाहून त्यांनीं त्यास आपल्या घरीं शिकविण्यास आरंभ केला. पुढें त्यांनीं गांवचे पंतोजी आंत्वान बेशरे यांस गळ घालून लुईला डोळस मुलांच्या शाळेंत बसवून घेण्यास लाविलें. अंध मुलानें डोळस मुलांबरोबर एका बांकावर बसावें ही गोष्ट त्या वेळीं कोणाच्या ऐकिवांत नसेल. बेशरे यांजपाशीं अंधांस शिकविण्याची खास विद्या नव्हती, कीं निराळीं साधनें नव्हतीं. त्यांनीं फक्त आपल्या वर्गांत एक जागा दिली. लुई कानांनीं ऐके आणि मनांत सांठवून ठेवी. पाठांतर व तोंडचे हिशेब यांत त्याचें कोठें अडत नसे; परंतु इतर मुलांनीं पुस्तकें उघडलीं म्हणजे त्यास हात गुंडाळून बसावें लागे. आपणासहि पुस्तक वाचतां यावें ही तळमळ त्याच्या मनांत येथेंच उत्पन्न झाली असली पाहिजे.

पॅरिस शहरांत त्या वेळीं अंध मुलांची एक शाळा होती. जगांतील अशा प्रकारची ती पहिलीच शाळा. व्हॅलेंटिन आऊई नांवाच्या सद्गृहस्थांनीं १७८५ च्या सुमारास ती स्थापिली होती. १७७१ सालीं पॅरिसच्या एका जत्रेंत कांहीं अंध मनुष्यांस विदूषकी वेष चढवून व डोळ्यांवर खोटे चष्मे लावून वाद्यें वाजवावयास बसविलें होतें, आणि भोंवतालचे लोक खदखदां हंसत होते. तें दृश्य पाहून आऊईंच्या मनास चटका बसला व पुढें त्यांतूनच ही शाळा निघाली. कूव्रेच्या जहागिरदारांनीं खटपट करून लुईस तेथें विद्यार्थिवेतन मिळवून दिलें, आणि ता. १५ फेब्रुवारी १८१९ रोजीं वडील आपल्या दहा वर्षांच्या मुलास घेऊन पॅरिसांतील त्या शाळेच्या दारांत उभे राहिले.

शाळेची इमारत जुनी, अंधारी व ओलसर होती. पुढें लुईस जो क्षय जडला त्याचें बीज तेथेंच पडलें असावें असें अनेकांचें मत आहे. परंतु त्याला ज्याची भूक होती तें, म्हणजे पुस्तक, तेथें होतें. आऊईंनीं आपल्या नेहमींच्याच अक्षरांचे मोठाले ठसे ओल्या कागदावर दाबून उठावाचीं पुस्तकें करविलीं होतीं. अंध विद्यार्थी त्या उठावांवरून बोट फिरवून एकेक अक्षर ओळखीत. युक्ति चांगली, पण तींत मोठी अडचण होती. अक्षरें मोठीं असल्यामुळें पुस्तक जाडजूड व जड होई; खर्चामुळें पुस्तकांची संख्या अगदीं थोडी; आणि वाचन इतकें मंद चाले कीं वाक्याचा शेवट येईतों आरंभाची आठवण बुजावी. सर्वांत मोठी उणीव ही कीं, ह्या रीतीनें अंधांस वाचतां आलें तरी लिहितां मुळींच येत नसे. तीं अक्षरें डोळ्यांसाठीं घडलेलीं होतीं. बोटांच्या सोयीचा विचार त्यांत कोणीं केला नव्हता.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिये नांवाच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांची नवी पद्धति शाळेंत दाखल झाली. तींत रेघांऐवजीं उठावाचे ठिपके होते. बारा ठिपके सहा-सहांच्या दोन उभ्या ओळींत मांडून त्यांच्या निरनिराळ्या जुळणीनें भाषेंतील एकेक उच्चार दाखवावयाचा, अशी ती योजना होती. बोटास रेघेपेक्षां ठिपका चटकन् कळतो, हें तत्त्व बार्बिये यांनीं बरोबर हेरलें होतें, व त्यांचें हें ऋण लुईनें पुढें मोकळेपणानें मान्य केलें. परंतु बारा ठिपक्यांचा समूह बोटाच्या अग्राखालीं मावत नसे, त्यानें शुद्धलेखन दाखवितां येत नसे, आणि विरामचिन्हें, अंक व संगीत यांची त्यांत सोय नव्हती.

लुईचें वय त्या वेळीं बारा वर्षांचें होतें. दिवसा शाळेचा अभ्यास आटोपून रात्रीं, आणि सुटींत कूव्रेस गेल्यावर घरीं, कागद व टोंचणी घेऊन तो ठिपक्यांची मांडणी करून पाही, मोडी, आणि पुन्हां करी. अखेर १८२४ सालीं, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षीं, त्याच्या लिपीचा सांगाडा उभा राहिला. दोन उभ्या ओळी, प्रत्येकींत तीन ठिपके, मिळून सहा. ह्या सहांपैकीं कोणते ठिपके उठवावे व कोणते वगळावे, यावरून ६३ निरनिराळीं चिन्हें होतात. पहिलीं दहा अक्षरें केवळ वरच्या चार ठिपक्यांचीं; त्याच दहांस डावीकडील तळचा ठिपका जोडला कीं पुढील दहा तयार. ह्याप्रमाणें सर्व लिपि एका धाग्यांत ओंवलेली असल्यामुळें ध्यानांत ठेवण्यास सोपी. आणि मुख्य गोष्ट ही कीं, सहाहि ठिपके बोटाच्या टोंकाखालीं एकदम येतात. बोट थांबवावें लागत नाहीं, तें ओळीवरून सरकत जातें.

लिहिण्याची रीतहि तितकीच साधी. चौकटी असलेल्या पट्टींत कागद अडकवून टोंचणीनें ठिपके टोंचावयाचे. ठिपके मागील बाजूस उठतात, म्हणून लिहितांना उजवीकडून डावीकडे जावयाचें; कागद उलटला म्हणजे वाचन डावीकडून उजवीकडे होतें. जिनगराच्या कारखान्यांत ज्या जातीच्या हत्यारानें लुईचे डोळे गेले, त्याच जातीचें हत्यार हातीं धरून त्यानें जगांतील अंधांस अक्षरें दिलीं!

१८२८ सालीं तो त्याच शाळेंत साहाय्यक शिक्षक झाला व १८३३ सालीं पूर्ण शिक्षक झाला. व्याकरण, भूगोल, गणित व संगीत हे विषय तो शिकवी. १८२९ सालीं त्याच्या लिपीचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्यांत संगीत लिहिण्याची रीतहि दिली होती, आणि १८३७ सालीं त्याची सुधारलेली आवृत्ति निघाली. तो उत्तम ऑर्गन वाजवी. पॅरिसांतील एका मोठ्या चर्चांत त्याची वादक म्हणून नेमणूक झाली होती. अशा रीतीनें ज्यास दुसऱ्याच्या आधारानें जगावें लागेल असें लोक समजत, तो स्वतःच्या कष्टाचें खाऊं लागला. दुर्दैवानें १८३१ सालीं वडील वारले. मुलाच्या लिपीस जगानें मान दिलेला पाहाण्याचें भाग्य त्यांस लाभलें नाहीं.

येथवरची कथा वाचून कोणास वाटेल कीं, अशी उपयुक्त लिपि लोकांनीं डोक्यावर घेतली असेल. पण तसें झालें नाहीं. डोळस शिक्षकांचा आक्षेप असा होता कीं, ही लिपि डोळस मनुष्यास वाचतां येत नाहीं; ती शिकल्यास अंध लोक इतर समाजापासून अधिकच तुटतील; त्यापेक्षां सर्व जग वापरतें तींच अक्षरें त्यांनीं वापरावीं. हा आक्षेप दुष्टबुद्धीचा नव्हता. उलट अंधांस आपल्यांत घ्यावें ह्याच इच्छेंतून तो निघाला होता, आणि म्हणूनच त्याचा नीट विचार करणें अवश्य आहे. आपल्या दारांतून दुसऱ्यानें आंत यावें अशी इच्छा करणें चांगलें. परंतु त्या दाराचा उंबरठा त्यास ओलांडतां येतो कीं नाहीं हें त्यालाच विचारावयास नको काय? डोळसांचीं अक्षरें अंधांस कष्टानें वाचतां येत, लिहितां मुळींच येत नसत. ज्यास पत्र लिहितां येत नाहीं, टिपण करितां येत नाहीं, हिशेब मांडतां येत नाहीं, तो समाजांत बसला तरी पाहुणाच राहातो.

लुईनें ह्या आक्षेपास वादानें उत्तर दिलें नाहीं, कामानें दिलें. १८३९ सालीं त्यानें दुसरी एक पद्धति प्रसिद्ध केली, जिच्यायोगें अंध मनुष्यास ठिपक्यांनींच डोळसांच्या अक्षरांचे आकार कागदावर उठवितां येत. म्हणजे अंधांनीं आपसांत वाचण्या-लिहिण्यासाठीं सहा ठिपक्यांची लिपि, आणि डोळस आप्तेष्टांस पत्र पाठविण्यासाठीं ही दुसरी. पिएर फूको नांवाच्या एका अंध कारागिरानें हें काम झपाट्यानें व्हावें म्हणून लौकरच एक यंत्रहि तयार केलें. ह्या पद्धतीनें लुईनें आपल्या आईस लिहिलेलीं पत्रें अद्यापि पाहावयास मिळतात. दूरच्या खेड्यांत आईच्या हातीं मुलाच्या स्वतःच्या हातचें पत्र पडावें, मध्यें लेखनिक नसावा, ही गोष्ट डोळसांस क्षुल्लक वाटेल. ज्यांनीं ती गमावली होती त्यांस तिचें मोल कळतें.

१८४० सालीं शाळेचे चालक पिन्ये, ज्यांनीं लुईस उत्तेजन दिलें होतें, त्यांस जावें लागलें व त्यांच्या जागीं द्युफो आले. त्यांनीं उठावाचीं निराळीं अक्षरें सुरू केलीं आणि ब्रेलच्या लिपीस शाळेंत थारा उरला नाहीं. परंतु ज्या मुलांनीं एकदां स्वतःच्या हातानें लिहिलें होतें तीं आतां ऐकतात थोडींच! तीं चोरून एकमेकांस ती लिपि शिकवूं लागलीं, तींत टिपणें करूं लागलीं. द्युफो यांचे साहाय्यक ग्वादे यांच्या हें लक्षांत आलें. त्यांनीं त्या लिपीचा गुण ओळखला व आपल्या वरिष्ठांचें मन वळविलें. पुढें शाळेस नवी प्रशस्त इमारत मिळाली. ता. २२ फेब्रुवारी १८४४ रोजीं तिच्या उद्घाटनाच्या समारंभांत त्या लिपीची माहिती जाहीरपणें सांगण्यांत आली, आणि अंध विद्यार्थ्यांनीं ती लिहून व वाचून दाखविली. ज्या द्युफोंनीं ती बंद केली होती त्यांनींच ती पुन्हां आणिली, हीहि त्यांच्या पदरीं बांधण्यासारखी गोष्ट आहे.

लुईची प्रकृति मात्र १८३५ पासूनच ढासळत चालली होती. मधून मधून तो कूव्रेस विश्रांतीस जाई व बरें वाटतांच पुन्हां शाळेंत येई. स्वभावानें तो अबोल, परंतु फार उदार होता. गरजू विद्यार्थ्यांस तो पैसे उसने देई. त्याची एक लहान पेटी होती. ती आपल्या मागें न उघडतां जाळून टाकावी असें त्यानें सांगून ठेविलें होतें. मृत्यूनंतर ती उघडली तेव्हां तींत विद्यार्थ्यांनीं लिहून दिलेल्या कर्जाच्या चिठ्ठ्या निघाल्या. ता. ६ जानेवारी १८५२ रोजीं पॅरिसांत त्याचा अंत झाला, व त्यास कूव्रेच्या स्मशानभूमींत आईबापांच्या गांवीं मूठमाती देण्यांत आली. पुढें दोनच वर्षांनीं, १८५४ सालीं, फ्रान्सांत त्याच्या लिपीस अधिकृत मान्यता मिळाली. १८७८ सालीं पॅरिसांत भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेनें अंधांच्या शिक्षणासाठीं हीच लिपि पसंत केली. १९५२ सालीं, मृत्यूस शंभर वर्षें झालीं तेव्हां, त्याचे अवशेष राष्ट्राच्या थोर पुरुषांशेजारीं पॅरिसच्या पँथिऑनमध्यें नेण्यांत आले. फक्त त्याचे हात कूव्रेच्या मातींत ठेविले गेले.

आपल्या देशाशींहि ह्या सहा ठिपक्यांचें नातें जडलें आहे. मिस ॲनी शार्प यांनीं १८८७ सालीं अमृतसर येथें अंधांची शाळा काढली. १९०० सालीं, दुष्काळाच्या त्या बिकट दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनीं मुंबईंत अंध मुलांसाठीं शाळा सुरू केली. दादर येथील मुलींची अंधशाळा ही त्याच रोपट्याचा वृक्ष होय. हिंदुस्थानांत पूर्वीं निरनिराळ्या प्रांतीं ठिपक्यांच्या निरनिराळ्या मांडण्या चालत. १९५१ सालीं सर्व भारतीय भाषांसाठीं भारती ब्रेल ही एकच योजना ठरली. तींत मराठी क, म, ल, स यांस तेच ठिपके आहेत, जे लुईनें आपल्या भाषेंतील त्याच उच्चारांच्या अक्षरांस दिले होते. त्याच्या जन्मास दोनशें वर्षें झालीं तेव्हां, २००९ सालीं, भारत सरकारनें त्याच्या चित्राचें दोन रुपयांचें नाणें काढलें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं एखाद्याच्या हातीं तें आल्यास त्यानें तें खर्चण्यापूर्वीं क्षणभर निरखून पाहावें.

आज पुस्तक मोठ्यानें वाचून दाखविणारीं यंत्रें निघालीं आहेत, व अंधांस त्यांचा फार उपयोग होतो. तथापि शब्दाचें शुद्ध रूप, गणिताची मांडणी व संगीताचे स्वर हीं बोटांखालीं आल्यावांचून पक्कीं होत नाहींत; म्हणून लुईचे ठिपके अद्यापि कामाचे आहेत.

पालकांस आमची विनंति एवढीच आहे कीं, कोणाच्या घरीं अंध, बहिरें किंवा पांगळें मूल असल्यास त्यांनीं कूव्रेच्या जिनगराची आठवण ठेवावी. पाहुणे आले म्हणजे त्या मुलास आंतल्या खोलींत लपवूं नये. त्याच्या हाताखालचें काम मायेपोटीं काढून घेऊं नये. त्यास काठी द्यावी, काम द्यावें, आणि शाळेंत पाठवावें. शिक्षकांनीं बेशरे पंतोजींस स्मरावें. त्यांच्यापाशीं साधन नव्हतें, तरी बांकावर जागा होती. आणि विद्यार्थिमित्रहो, असा कोणी सोबती तुमच्या वर्गांत आला तर त्याच्यासाठीं थोडें सरकून बसा. त्याच्या मदतीस जाण्यापूर्वीं त्याला काय हवें आहे तें त्यालाच विचारा. पंधरा वर्षांच्या एका अंध मुलास जें सुचलें तें मोठमोठ्या डोळसांस सुचलें नव्हतें, हें विसरूं नका.